युद्धहानी-भरपाई, ब्रिटनमधील

युद्धकाळात शत्रूच्या कृतीमुळे अथवा शत्रूचा प्रतिकार करताना नागरिकांची घरे, इमारती व घरगुती चीजवस्तू यांचा जो नाश होतो, त्याची शासनाने करून दिलेली पूर्ती. सैन्याच्या वापरासाठी शासनाने घर ताब्यात घेणे, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून शासनाने ते स्वतः पाडणे आणि शत्रूच्या बाँबने ते पडणे या तीन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने भिन्न आहेत. पहिल्या प्रकारात मोबदला देण्याची प्रथा बरीच जुनी आहे. दुसऱ्याविषयी मतभेद आहेत. तिसऱ्या प्रकारात मात्र नागरिकाला हक्क म्हणून काहीही मागता येत नाही, असेच विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बहुतेक देशांत मानले जाई. स्विस विधिज्ञ एमर द व्हातेल याने १७५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आंतरराष्ट्रीय विधीवरील ग्रंथात हा भेद स्पष्टपणे मांडला आहे. राज्याने जाणूनबुजून केलेली हानी राज्याने भरून द्यावी. शत्रूने केलेली हानी ही दैवी आपत्तीसारखी असून राज्याने शक्य तितके साहाय्य करावे, पण तो नागरिकाचा हक्क नव्हे, असे त्याचे प्रतिपादन होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने हा भेद घरांच्या बाबतीत जवळजवळ मोडीत काढला. त्यासाठी उभारलेली यंत्रणा, तिच्यामागील विचार व तिच्यातील उणिवा यांचा विचार येथे केला आहे.

इंग्लंडच्या रूढ विधीत या विषयाची मुळे फार खोल आहेत. राजाच्या बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा प्रजाजनांच्या जमिनीतून खणून काढण्याच्या अधिकाराविषयी १६०६ मध्ये एक प्रसिद्ध निर्णय झाला. त्यात न्यायाधीशांनी दिलेला दाखला पुढे तीनशे वर्षे वारंवार उद्धृत होत राहिला : शेजारचे घर पेटले असता गाव वाचविण्यासाठी मधले घर पाडले, तर पाडणाऱ्यावर दावा चालत नाही, राज्याच्या संरक्षणासाठी प्रजाजनाच्या भूमीवर तटबंदी उभारली, तरीही तीच स्थिती. संकटकाळी व्यक्तीची मालमत्ता समाजाच्या कामी येते, हे तत्त्व यातून रूढ झाले. आग विझल्यावर ज्याचे घर पाडले गेले त्याने काय करावे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९२० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने डी कायझर रॉयल हॉटेलच्या खटल्यात अंशतः उत्तर दिले. युद्धकाळात ताब्यात घेतलेल्या या हॉटेलाचा मोबदला कायद्यातील तरतुदींनुसारच दिला पाहिजे, राजाच्या विशेषाधिकाराचा आश्रय घेऊन तो टाळता येणार नाही, असा तो निर्णय होता. तथापि त्याचा संबंध ताब्यात घेतलेल्या मालमत्तेशी होता, उद्‌ध्वस्त झालेल्या मालमत्तेशी नव्हता.

पहिल्या महायुद्धापर्यंत इंग्लंडमधील सामान्य माणसाच्या घराला परकीय शस्त्राचा धोका फारसा नव्हता. समुद्र आणि आरमार ही त्याची हमी होती. १६ डिसेंबर १९१४ रोजी जर्मन युद्धनौकांनी स्कारबरो, हार्टलपूल व व्हिटबी या किनारी गावांवर तोफांचा मारा केला आणि जानेवारी १९१५ पासून झेपेलिन वायुनौकांचे हल्ले सुरू झाले, तेव्हा ही हमी संपली. शासनाने १९१५ मध्येच हवाई हल्ला व तोफमारा यांविरुद्ध विम्याची योजना काढली. ती ऐच्छिक होती. ज्याला हप्ता परवडला त्यालाच तिचा लाभ झाला. विमा न उतरविलेल्यांसाठी युद्धानंतर लॉर्ड समनर यांच्या अध्यक्षतेखाली एक शाही आयोग नेमून पन्नास लाख पौंडांची रक्कम वाटण्यात आली. ही रक्कम अनुग्रह म्हणून दिलेली आहे, तिच्यावर कोणाचाही हक्क नाही, हे शासनाने आवर्जून सांगितले होते.

याच सुमारास फ्रान्सने अगदी वेगळा मार्ग धरला होता. तेथील ईशान्येकडील प्रांत चार वर्षे रणभूमी झालेले होते. १७ एप्रिल १९१९ च्या फ्रेंच कायद्याने युद्धाच्या बोजाबाबत सर्व नागरिक समान आहेत असे तत्त्व घालून दिले व हानिग्रस्तांना संपूर्ण भरपाईचा हक्क दिला. जो जुन्या जागी अथवा जवळपास पुन्हा बांधकाम करील त्याला पुनर्बांधणीच्या खर्चाइतकी रक्कम मिळे. जो करणार नाही त्याला केवळ युद्धपूर्व मूल्यावर आधारित रक्कम मिळे. ही सारी रक्कम अखेर जर्मनी देईल, या अपेक्षेवर हा कायदा उभा होता. ती अपेक्षा फोल ठरली आणि भार फ्रेंच कोषागारावर पडला. ब्रिटिश अर्थखात्याच्या सावध धोरणामागे असा अनुभव होता, हे लक्षात घेतले पाहिजे.

१९३० नंतर विमानांची संख्या, वेग व भारक्षमता वाढली. स्पेनच्या यादवी युद्धात शहरांची जी दशा झाली, तिचा धडा विमाकंपन्यांनी लगेच घेतला. १९३७ मध्ये ब्रिटिश विमाकंपन्या व लॉइड्‌स यांनी जमिनीवरील मालमत्तेचा युद्धविषयक विमा उतरवायचा नाही, असे परस्परांत ठरविले. विम्याचे शास्त्र संभाव्यतेच्या गणितावर चालते. एका रात्रीत एक शहर बेचिराख होण्याची शक्यता ज्या जोखमीत आहे, तिचे गणित कोणालाच मांडता येईना. खासगी विम्याचे दार बंद झाल्यावर मालमत्ताधारकांनी शासनाकडे धाव घेतली. अर्थमंत्री सर जॉन सायमन यांनी जानेवारी १९३९ मध्ये संसदेत सांगितले, की भरपाई देशाच्या परिस्थितीनुसार शक्य तितक्या उच्च प्रमाणात, पण युद्ध संपल्यावर दिली जाईल. या आश्वासनात आकडा नव्हता आणि हक्कही नव्हता. त्या वर्षी व्यापारी मालासाठी सक्तीची विमायोजना व ताब्यात घेतलेल्या मालमत्तेसाठी मोबदल्याचा कायदा झाला. पडलेल्या घरात राहता येत नसेल तर भाडेकरूची भाड्यातून सुटका करणाराही कायदा झाला. राहत्या घराच्या मालकाला मात्र वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग सत्तावन्न रात्री बाँबवर्षाव झाला. १४ नोव्हेंबर रोजी कॉव्हेंट्रीचा मध्यभाग जळून गेला. साउदॅम्प्टन, ब्रिस्टल, प्लिमथ, लिव्हरपूल, हल, ग्लासगोजवळचे क्लाइडबँक अशा बंदरांच्या व कारखान्यांच्या गावांची पाळी एकामागून एक आली. १९४५ पर्यंत दोन लाखांहून अधिक घरे पूर्णतः नष्ट झाली. छपरे, खिडक्या व भिंती यांची कमीअधिक नासधूस झालेली घरे याच्या कितीतरी पट होती. युद्धानंतर पाहू, ही भूमिका या परिस्थितीत टिकणे शक्य नव्हते. पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या युद्धविषयक ग्रंथात याबाबतची एक आठवण नमूद केली आहे. आग्नेय किनाऱ्यावरील एका गावी गेले असता एक लहानसे उपाहारगृह मोडून पडलेले त्यांनी पाहिले. मालक, त्याची पत्नी व नोकर रडत उभे होते. परतीच्या प्रवासात आगगाडीतच त्यांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहवून घेतले : शत्रूच्या बाँबने झालेले नुकसान राज्याने तत्काळ व पूर्णपणे भरून द्यावे, म्हणजे ते मोजक्या दुर्दैवी लोकांवर न पडता साऱ्या राष्ट्रावर विभागले जाईल. ही आठवण हृद्य आहे. परंतु कायदा केवळ एका पंतप्रधानाच्या करुणेतून झाला असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. गहाणदार संस्थांची कोट्यवधी पौंडांची कर्जे याच घरांवर दिलेली होती. घर पडल्यावर गहाणाला आधार उरत नव्हता. कर्जदाराकडून हप्त्याची वसुलीही अवघड होत होती. नागरिकांचे मनोधैर्य आणि पतव्यवस्थेची सुरक्षितता या दोन्हींचा तकादा एकाच वेळी लागला होता.

अर्थमंत्री सर किंग्झ्‌ली वुड यांनी डिसेंबर १९४० मध्ये विधेयक मांडले व २६ मार्च १९४१ रोजी त्यास राजसंमती मिळाली. युद्धहानी अधिनियम, १९४१ या नावाने तो ओळखला जातो. १९४३ मध्ये त्याचे दुरुस्त्यांसह एकत्रीकरण झाले. युद्धारंभापासून झालेल्या हानीला तो पूर्वलक्षी प्रभावाने लागू होता. त्याचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य म्हणजे सक्तीची वर्गणी होय. जमीन व इमारती यांच्या मालकांनी १९४१ ते १९४५ या पाच वर्षांत, प्राप्तिकरासाठी ठरविलेल्या वार्षिक मूल्याच्या दर पौंडामागे दोन शिलिंग या दराने दरवर्षी वर्गणी भरावयाची होती. म्हणजे वार्षिक मूल्य २० पौंड असलेल्या लहान घराच्या मालकाला वर्षाला २ पौंड, पाच वर्षांत १० पौंड द्यावे लागत. शेतजमिनीचा दर याहून कमी होता. घर गहाण असल्यास किंवा दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिलेले असल्यास वर्गणीचा भार संबंधितांत वाटून देण्याचे नियम होते. अधिनियमाचा सर्वांत क्लिष्ट भाग हाच म्हटला पाहिजे. वर्गणीतून न भागणारा खर्च कोषागाराने सोसावयाचा होता.

ही वर्गणी विम्याचा हप्ता मानावी की कर, याविषयी त्या वेळी बराच वाद झाला. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील मालकाला जोखीम जवळजवळ नव्हती, लंडनच्या गोदीलगतच्या मालकाला ती रोजची होती; दर मात्र दोघांनाही एकच. विम्याच्या दृष्टीने हे विसंगत होते. कराच्या दृष्टीने पाहिले, तर भार फक्त स्थावराच्या मालकांवरच का, हा आक्षेप येई. प्रस्तुत लेखकाच्या मते या संदिग्धतेतच योजनेचे बळ होते. हप्ता भरला आहे, म्हणून भरपाई हा अनुग्रह नसून हक्क आहे, असे नागरिकाला म्हणता आले. आणि दर एकच असल्यामुळे बाँब कोठे पडेल याचा हिशेब न करता बोजा देशभर पसरविणे शासनाला शक्य झाले.

अधिनियमाच्या अंमलबजावणीसाठी युद्धहानी आयोग स्थापन झाला. सर माल्कम ट्रस्ट्रम ईव्ह हे १९४१ ते १९४९ या काळात त्याचे अध्यक्ष होते. वर्गणीची वसुली प्राप्तिकर खात्याकडे व वाटप आयोगाकडे अशी विभागणी होती. आयोगापुढील मुख्य प्रश्न प्रत्येक घराचा वर्ग ठरविण्याचा असे. दुरुस्त करण्याजोग्या घराला ‘दुरुस्तीखर्च’ मिळे, म्हणजे ते पूर्वस्थितीत आणण्यास प्रत्यक्ष आलेला वाजवी खर्च. दुरुस्तीला येणारा खर्च तिच्यामुळे वाढणाऱ्या मूल्यापेक्षा अधिक असेल, तर ते घर ‘पूर्ण नुकसान’ या वर्गात पडे व त्याला ‘मूल्यभरपाई’ मिळे. मार्च १९३९ मधील किमतींनुसार घराचे जे मूल्य होते, त्यातून उरलेल्या जागेचे मूल्य वजा करून ही रक्कम काढीत. दुरुस्तीखर्च काम होईल तसा दिला जाई. मूल्यभरपाई सामान्यतः युद्धसमाप्तीपर्यंत लांबणीवर टाकलेली असून तिच्यावर व्याज मिळे. तोवर बांधकामाचे साहित्य व मजूर युद्धकार्यास हवे होते. हाती पैसा आला असता तरी त्यातून घर बांधता आले नसते. भाववाढ तेवढी झाली असती.

घरातील सामानासाठी अधिनियमाच्या दुसऱ्या भागात बोर्ड ऑफ ट्रेडच्या दोन विमायोजना होत्या. व्यवसायाच्या साहित्यासाठी सक्तीची व घरगुती चीजवस्तूंसाठी ऐच्छिक. घरगुती योजनेत ठराविक मर्यादेपर्यंतचे संरक्षण विनामूल्य असून पत्नी व लहान मुले असल्यास ती मर्यादा वाढे. त्यापुढील रकमेसाठी हप्ता भरावा लागे. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांना कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडी व कामाची हत्यारे यांसाठी साहाय्य मंडळाकडून तातडीची उचल मिळे. ही तरतूद वरकरणी गौण वाटते, परंतु कामकरी वर्गाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची होती. लंडनच्या ईस्ट एंडमधील बहुसंख्य कुटुंबे भाड्याच्या घरांत राहत. घर पडले की भरपाई घरमालकाला, भाडेकरूला केवळ सामानाची. ज्या घरात त्याची दोन पिढ्यांची हयात गेली, त्या घराशी कायद्याच्या दृष्टीने त्याचा संबंध आठवड्याच्या भाड्यापुरताच होता. युद्धोत्तर गृहनिर्माणाच्या मागणीला जी धार आली, तिचा उगम बऱ्याच अंशी येथे शोधता येतो.

हानीची नोंद कशी होत असे, याचा उत्तम पुरावा लंडन काउंटी कौन्सिलच्या वास्तुविभागाने ठेवलेल्या नकाशांत आढळतो. भूमापन खात्याच्या मोठ्या प्रमाणावरील नकाशांच्या ११० पत्रांवर एकेक घर हाताने रंगविलेले आहे. काळा रंग संपूर्ण नष्ट झालेल्या घराचा. जांभळा दुरुस्तीपलीकडे गेलेल्याचा. गडद तांबडा गंभीर हानी झालेल्या व दुरुस्तीविषयी शंका असलेल्या घराचा. फिकट तांबडा खर्च केल्यास दुरुस्त होणाऱ्याचा. नारिंगी सांगाडा शाबूत असलेल्याचा व पिवळा केवळ किरकोळ झळ पोचलेल्याचा. १९४४ च्या जूनपासून येऊ लागलेल्या उडत्या बाँबसाठी मोठे वर्तुळ व सप्टेंबरपासून पडू लागलेल्या अग्निबाणांसाठी लहान वर्तुळ काढलेले आहे. गोदीच्या परिसरातील पत्रांवर काळा व जांभळा एवढे दोनच रंग कित्येक गल्ल्यांपर्यंत सलग दिसतात. जांभळा आणि गडद तांबडा यांतील फरक पाहणीस आलेल्या तज्ञाच्या नजरेवर अवलंबून असे. नकाशे भरपाई ठरविण्यासाठी काढलेले नव्हते, हे खरे. परंतु दुरुस्तीयोग्य व दुरुस्तीपलीकडचे असा जो भेद आयोगाला प्रत्येक प्रकरणी करावा लागे, तो किती बारीक होता, हे त्यांवरून कळून येते.

या भेदावर मालकाचे नशीब ठरत असे आणि योजनेतील मोठा अन्यायही येथेच होता. युद्धानंतर बांधकामाचा खर्च १९३९ च्या दुपटीवर गेला. ज्याचे घर दुरुस्तीयोग्य ठरले त्याला चालू दराने प्रत्यक्ष खर्च मिळाला. ज्याचे घर पूर्ण गेले त्याच्या हाती १९३९ चे मूल्य पडले. अधिक हानी सोसणाराच तुलनेने कमी भरपाईचा धनी झाला. संसदेत याविषयी तक्रारी झाल्यावर शासनाने मूल्यभरपाईत टक्केवारीने वाढ केली. तरी अंतर भरून निघाले नाही. शिवाय रक्कम हाती आली तरी बांधकामाचा परवाना मिळणे दुरापास्त होते. परवान्यांचे वाटप स्थानिक संस्थांच्या हाती असून त्यांचा भर सार्वजनिक गृहनिर्माणावर होता. १९४४ च्या नगररचना अधिनियमाने बाँबहल्ल्यात उद्‌ध्वस्त झालेले विभाग एकत्रितपणे संपादन करण्याचे अधिकार नगरपालिकांना दिले. प्लिमथ व कॉव्हेंट्री यांचे नवे मध्यभाग अशा संपादनातून उभे राहिले. तेथील कित्येक जुन्या मालकांना आपल्या जागेवर परत येता आले नाही.

इतर देशांशी तुलना करता या योजनेचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. जर्मनीत नोव्हेंबर १९४० च्या आदेशाने युद्धहानीची भरपाई उदारपणे जाहीर करण्यात आली होती; ज्यूंना तीतून वगळण्यात आले होते. एवढेच नव्हे, तर फ्रान्स, बेल्जियम व नेदर्लंड्समधील परागंदा झालेल्या व हद्दपार केलेल्या ज्यूंच्या घरांतील सामान १९४२ पासून आगगाड्या भरभरून आणून बाँबहल्ल्यात घरे गमावलेल्या जर्मन कुटुंबांत वाटले वा विकले जाई. एकाच्या भरपाईसाठी दुसऱ्याचे घर लुटण्याचे याहून उघड उदाहरण आधुनिक इतिहासात क्वचितच सापडेल. युद्धोत्तर पश्चिम जर्मनीने १४ ऑगस्ट १९५२ च्या भारसमीकरण कायद्याने ज्यांची मालमत्ता वाचली त्यांच्यावर, १९४८ च्या चलनसुधारणेवेळच्या मालमत्तेच्या निम्म्याइतका कर बसविला. तो तीस वर्षांच्या हप्त्यांत, १९७९ पर्यंत, फेडावयाचा होता. त्यातून निर्वासित व बाँबग्रस्त या दोघांनाही भरपाई दिली गेली. जपानमध्ये याउलट घडले. युद्धकालीन भरपाईच्या दाव्यांवर १९४६ मध्ये शंभर टक्के कर बसवून ते प्रायः निकामी करण्यात आले. नागोया येथील हवाई हल्ल्यातील जखमी नागरिकांचा दावा १९८७ मध्ये फेटाळताना तेथील सर्वोच्च न्यायालयाने, युद्धातील हानी सर्व नागरिकांनी सारखीच सोसावयाची असते, अशी भूमिका घेतली. फ्रान्समध्ये समानतेच्या तत्त्वावरून भरपाईचा हक्क निष्पन्न झाला होता. जपानमध्ये त्याच तत्त्वावरून भरपाईचा नकार निष्पन्न झाला.

ब्रिटनमधील हा अधिनियम साम्राज्याच्या अन्य भागांना लागू नव्हता. हिंदुस्थानात १९४० व १९४२ च्या वटहुकुमांनी व्यापारी माल आणि कारखाने यांच्यासाठी युद्धजोखीम-विमा सुरू झाला. राहत्या घरांचा त्यांत समावेश नव्हता. ही उणीव मुंबईत प्रकर्षाने जाणवली. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा होत्या. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला व सुमारे अर्ध्या तासाने त्याहून मोठा दुसरा स्फोट झाला. जळते कापूस व धातूचे तुकडे मांडवी, मशीद बंदर या दाट वस्तीवर पडून चाळी व वखारी पेटल्या. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले, शेकडो नागरिक मृत्युमुखी पडले व हजारो लोक बेघर झाले. जहाज युद्धसामग्री वाहत होते. पण स्फोट शत्रूने घडविलेला नव्हता. तेव्हा हिला युद्धहानी म्हणावे की अपघात, हा पेच निर्माण झाला. नेहमीच्या अग्निविमापत्रात स्फोटाची जोखीम येत नसे आणि ज्यांच्याकडे विमाच नव्हता त्यांना कोठेही दाद नव्हती. हिंदुस्थान सरकारने अखेर जबाबदारी स्वीकारून त्याच वर्षी मुंबई स्फोट (भरपाई) वटहुकूम काढला व मालमत्तेच्या हानीचे दावे त्याखाली निकालात काढण्याची व्यवस्था केली. भारतात एका शहरातील हानीपुरता खास विधी करून शासनाने भरपाई दिल्याचे हे एक ठळक उदाहरण होय.

साम्राज्यातील दुसऱ्या एका शहराने या विषयाला अखेरचे वळण दिले. जपानी सैन्य रंगूनपर्यंत येऊन ठेपले असता ७ मार्च १९४२ रोजी ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांच्या आज्ञेवरून बर्मा ऑइल कंपनीच्या तेलशुद्धीकरणाच्या व साठवणीच्या प्रतिष्ठानांना सुरुंग लावण्यात आले. दुसऱ्याच दिवशी शहर पडले. कंपनीने पुढे स्कॉटलंडच्या न्यायालयात दावा लावला. २१ एप्रिल १९६४ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी असा निर्णय दिला, की प्रत्यक्ष लढाईच्या धुमश्चक्रीत होणाऱ्या हानीची भरपाई रूढ विधीनुसार मिळत नाही, परंतु शत्रूला लाभ होऊ नये म्हणून विचारपूर्वक केलेल्या विध्वंसाची मिळते. १६०६ च्या निर्णयात अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाला मालकाच्या बाजूने उत्तर मिळाले, ते असे. शासनाला हा निर्णय परवडणारा नव्हता. संसदेने युद्धहानी अधिनियम, १९६५ संमत करून युद्धकाळात राजसत्तेने कायदेशीरपणे केलेल्या अशा विध्वंसाबद्दल रूढ विधीखाली भरपाई मागण्याचा हक्क पूर्वलक्षी प्रभावाने काढून घेतला. न्यायालयात जिंकलेला दावा कायद्याने रद्द केल्याबद्दल, विशेषतः हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, या विधेयकास कडवा विरोध झाला. तथापि ते संमत झाले आणि कंपनीला त्या निर्णयाखाली काहीही मिळाले नाही.